समुद्रातले सूक्ष्मजीव खोलीप्रमाणे जास्त बदलतात की ऋतूप्रमाणे? वर्षातून चारदा, ठरलेल्या खोलीवर नमुने घेतले तर चालेल का?

खोलीप्रमाणे जास्त. आणि चारदा, ठरलेल्या खोलीवर अजिबात चालणार नाही. मीटरचा आकडा धरून नमुन्याची बाटली बंद करायच्या या सवयीशी माझं जुनं भांडण आहे.

उष्ण कटिबंधातल्या खुल्या समुद्रात क्लोरोफिलचा दाट थर बहुधा 100 मीटरच्या आसपास सापडतो, म्हणून 100 हा आकडा पक्का धरला जातो. पण पाण्याच्या आतल्या लाटा हा थर काही तासांत दहा-वीस मीटर वरखाली करतात. त्याच 100 मीटरवर सकाळी तीव्र उजेडाला सरावलेला प्रोक्लोरोकॉकस (उजेडावर जगणारा सूक्ष्म जीवाणू) जास्त भरतो, तर संध्याकाळी मंद उजेडातला. मग आलेखात हा फरक ऋतूबदल म्हणून मिरवतो! रोझेट (बाटल्या लावलेली चौकट) खाली जाताना फ्लुओरेसन्स (क्लोरोफिलची चमक) आणि पाण्याची घनता बघा, वर येताना त्यानुसार बाटल्या बंद करा आणि तुलना सारख्या घनतेच्या पाण्यांची करा. बाटली भलतीकडे बंद झाली का, ते तिच्यातल्या पाण्याची क्षारता तपासली की कळतं.

ऋतूचं म्हणाल तर कॅलेंडर सोडा, मिश्र थर (वरचं घुसळून एकसारखं झालेलं पाणी) किती खोल आहे ते बघा. अटलांटिकमधल्या बर्म्युडा बेटाजवळ 1988 पासून नियमित मोजमाप चालू आहे. तिथे उन्हाळ्यात हा थर जेमतेम 20 मीटर असतो, हिवाळ्याच्या शेवटी 150 ते 300 मीटरपर्यंत उतरतो. उन्हाळाभर वर साठलेला विरघळलेला सेंद्रिय कार्बन त्याबरोबर खाली जातो आणि तिथले सार11 (समुद्रात मुबलक असलेला जीवाणूंचा गट) च्या उपगट 2 मधले जीव वाढतात. हा सगळा खेळ काही आठवड्यांचा, चार फेऱ्यांत निसटतो. दरमहा जा, आणि मिसळण्याच्या काळात त्याहून लवकर.

डीएनएवरून जीव ओळखताना प्रायमरची (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवायला लागणाऱ्या छोट्या तुकड्यांची) जुनी 515-806 जोडी वापरू नका. त्यातला 806 सार11 ला कमी दाखवतो आणि 515 खोल पाण्यातल्या आर्कियाला (जीवाणूंसारख्या पण वेगळ्या एकपेशीय जीवांना). म्हणजे खोलीचा फरकच खोटा निघतो. दोन्हींच्या सुधारित आवृत्त्या घ्या, जुन्या-नव्या निकालांची सरमिसळ करू नका. डीएनएतून मिळालेल्या नुसत्या टक्केवारीवर विसंबू नका, फ्लो सायटोमीटरने (पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्राने) पेशीही मोजा. 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून वरचं पाणी एक-दोन लिटर पुरतं. हजार मीटरखाली पेशी दसपटीने विरळ, तिथे निदान चार लिटर गाळा. फिल्टर लगेच उणे 80 अंशांवर.

हे सगळं खुल्या, उबदार समुद्राचं. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात आणि ध्रुवांकडे वरच्या थरात ऋतू बराच वरचढ ठरतो.