अंदमान: नील बेटावर मुक्काम करावा, की हॅवलॉकहून येताना 3-4 तासांत बघून पुढे जावं?

नीलवर (2018पासून शहीद द्वीप) एक रात्र नक्की राहा, कारण तिथलं सगळ्यात सुंदर ठिकाण घड्याळावर नाही, ओहोटीवर चालतं. लक्ष्मणपूर 2 या किनाऱ्यावरची खडकाची नैसर्गिक कमान गाठायची तर प्रवाळाच्या खडकांवरून चालावं लागतं आणि ही वाट भरतीत पाण्याखाली जाते. ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण 50 मिनिटं उशिरा, त्यामुळे 3-4 तासांत ती सापडेलच असं नाही. पोर्ट ब्लेअरचं (2024पासून श्री विजयपुरम) भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा, पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी वळलं की लगेच परत फिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप आत जातं, खळग्यांत छोटे मासे, समुद्रकाकड्या दिसतात. अष्टमीच्या भांगाला (तेव्हा भरती-ओहोटी लहान असते) तेवढं उघडं पडत नाही. पायात पट्ट्याचे रबरी तळव्याचे सँडल हवेत, साध्या चपला शेवाळावर घसरतात. जिवंत प्रवाळावर पाय देऊ नका. मेलेला तुकडाही उचलू नका, तो नेणं गुन्हा आहे.

उरलेल्या वेळात:
- सूर्यास्त लक्ष्मणपूर 1 वरून (डिसेंबरात पाचच्या सुमारासच मावळतो)
- सूर्योदय सीतापूरहून
- भरतपूरला काचेच्या तळाची बोट, वारा पडलेला असताना

मात्र परतीच्या विमानाची आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा. समुद्र खवळला की, विशेषतः पावसाळ्यात, बोटी रद्द होतात.