स्टुडंट व्हिसा गेला, पण टूरिस्ट आहे की!

"मॅडम, स्टुडंटचा नाकारला, पण दहा वर्षांचा टूरिस्ट आहे की पासपोर्टवर. जाऊ दे का ह्याला त्याच्यावर?"

जून ते ऑगस्ट या दिवसांत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न येतोच. विचारतात वडील. मुलगा शेजारी बसून मोबाईलचं कव्हर काढत-घालत असतो. सांगलीतल्या बऱ्याच घरांतली एखादी लेक अमेरिकेत असते, तिच्या बाळंतपणाच्या वेळी घरातल्या सगळ्यांनी बी-वन बी-टू, म्हणजे टूरिस्ट व्हिसा, काढलेला असतो. तो पासपोर्टवर दिसत असतो, म्हणून मोह होतो.

या मुलाला ओंकार म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वडिलांची मार्केट यार्डात हळदीची अडत, बहीण टेक्ससला. दोन वर्षांपूर्वी हा तिच्याकडे महिनाभर राहूनही आला होता. यंदा तिथल्याच विद्यापीठाचा आय-ट्वेंटी, म्हणजे स्टुडंट व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद, आला. सेव्हिसचे, म्हणजे अमेरिकी सरकारच्या विद्यार्थी-नोंदणीचे, 350 डॉलर भरले, व्हिसाचे 185 भरले, मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत झाली. खिडकीवर दोन मिनिटं, तीन प्रश्न आणि हातात नकाराचा एक छापील कागद: अमेरिकी इमिग्रेशन कायद्याचं कलम 214(बी).

"मामा म्हणतोय, आधी पोच, तिथं गेल्यावर टूरिस्टचं स्टुडंट असं स्टेटस बदलून मिळतं," आई म्हणाली.

मी वकील नाही आणि असल्या बाबतीत मामांचंही ऐकू नये. पण इतकी घरं येऊन गेली की काही गोष्टी मला पाठ झाल्यात. स्टुडंट व्हिसा नाकारला म्हणून आधीचा टूरिस्ट व्हिसा आपोआप रद्द होत नाही, पण अधिकारी तो रद्द करू शकतो. म्हणून आधी पासपोर्टवर तसा शिक्का पडलाय का आणि ईमेलवर काही आलंय का, ते बघायचं. व्हिसा शाबूत असला तरी तो दारापर्यंतच नेतो. आत घ्यायचं की नाही हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि आधीचा नकार त्याला समोरच्या पडद्यावर दिसतो. बी-टूवर पदवीचा अभ्यासक्रम सुरू करता येत नाही. स्टेटस बदलायचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईपर्यंत वर्गात बसायचं नाही. मंजूर झालाच तरी पासपोर्टवर स्टुडंट व्हिसा लागत नाही. पहिल्या दिवाळीला घरी आलात की परत बीकेसीचीच रांग. आणि उतरल्या उतरल्या कॉलेज गाठायचा बेत होता असं दिसलं, तर येताना खोटं बोललात असाच अर्थ निघतो. त्याची शिक्षा कायमच्या बंदीपर्यंत जाऊ शकते. दारातूनच हद्दपारीचा आदेश देऊन परत धाडलं, तर साधारण पाच वर्षं पुन्हा पाऊल ठेवता येत नाही.

एवढं सांगून त्यांना वाटेला लावता आलं असतं. पण वडील विचारत होते एक आणि मुलाच्या चेहऱ्यावर होतं दुसरंच.

चार बैठका झाल्या. पहिल्या दोन जवळजवळ गप्प गेल्या, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. तिसऱ्या वेळी मी टेबलापलीकडे गेले आणि म्हटलं, "मी विमानतळावरची अधिकारी. का आलास?"

"बहिणीला भेटायला."

"किती दिवस?"

"ते... कॉलेज..." तो थांबला. मग म्हणाला, "खोटं नाही मॅडम. जाणार ताईकडंच आहे."

"मग परतीचं तिकीट काढ. पंधरा दिवसांचं. चालेल?"

"नाही."

"का?"

बाहेरून एक रिक्षा गेली, दुसरी गेली. मी काही बोलले नाही. हा गप्प बसायचा धीर यायला मला वीस वर्षं लागली.

"पंधरा दिवसांत फ्लेक्स उतरणार नाही," तो म्हणाला.

गल्लीच्या कोपऱ्यावर, डीपीच्या शेजारी, मंडळानं फ्लेक्स लावला होता. 'उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस रवाना होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. कोट घातलेला ओंकार, मागं स्वातंत्र्यदेवता, खाली शुभेच्छुकांचे चौदा फोटो. मुलाखतीच्या चार दिवस आधीच! दोन महिने हा पोरगा त्या कोपऱ्यावरून गेला नव्हता. दूध आणायलासुद्धा मागच्या बोळातून जायचा. पुढं गणपती होते, मंडप त्याच कोपऱ्यावर पडणार होता.

तेव्हा मला उमगलं, की याला अमेरिकेला जायचंच नाहीये. याला त्या कोपऱ्यावरून नाहीसं व्हायचंय. टूरिस्ट व्हिसा हा त्याचा मागचा बोळ होता. हे मला त्या एका 'का'मुळे सापडलं, याचा थोडा अभिमान वाटतो, लपवत नाही.

चौथ्या बैठकीला वडिलांनाही बोलावलं. ओंकारला तो नकाराचा कागद मोठ्यानं वाचायला लावला, वाक्य वाक्य मराठीत सांगत. त्या कागदाचं सार एवढंच: कायदा अशा व्हिसासाठी येणाऱ्या प्रत्येकाला आधी कायमचा राहायला येणाराच धरून चालतो. तसं नाही, हे पटवायचं काम अर्जदाराचं. या वेळी ते पटलं नाही. त्यावर अपील नाही, पण पुन्हा अर्ज करता येतो.

वडील ऐकत होते. "म्हंजे नापास न्हवं?"

"नाही अण्णा."

"मग मी दोन महिने यार्डात नापास झाला म्हणूनच सांगालोय."

घडतं ते दोन मिनिटांचं असतं. त्याला आपण जोडलेलं वाक्य घरात दोन महिने नांदतं. माझं सगळं काम त्या जोडलेल्या वाक्यावर चालतं. 'व्हिसा नाकारला' आणि 'मला नाकारलं' यांतला फरक मुलाला कळला, की व्हिसाचा प्रश्न पुन्हा व्हिसाएवढा होतो आणि मग त्यावर डोकं चालतं.

म्हणून आईवडिलांना सांगते: टूरिस्टवर पाठवू का, हे मला किंवा एजंटला विचारण्याआधी मुलाला परतीची तारीख विचारा. ती चटकन आली आणि खरी असली, तर भाच्याला बघायला खुशाल जाऊ दे, परतीचं तिकीट आणि इथल्या कामाचे कागद जवळ ठेवून. तारीख सांगताना अडखळला, तर बॅग भरू नका. पुढच्या प्रत्येक फॉर्मवर 'पूर्वी व्हिसा नाकारला आहे का' याला 'हो'च लिहायचं. कॅनडा, ब्रिटनचे फॉर्मही हेच विचारतात. नकार लपवल्यानं जेवढी दारं बंद होतात, तेवढी नकारानं होत नाहीत. आणि मुलाखतीआधी फ्लेक्स लावू नका हो, हात जोडते.

ओंकारनं विद्यापीठाला लिहून प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलून घेतला. सध्या सकाळी अडतीवर बसतो, पुन्हा मुलाखतीला जायचंय. फ्लेक्स त्यानंच उतरवला, रात्री साडेअकराला, मंडळाच्या दोन पोरांना सोबत घेऊन.

परवा पावसात अण्णा भेटले. टेम्पोत हळदीची पोती होती, वर तोच फ्लेक्स बांधलेला. छापील बाजू खाली, पांढरी वर.

"चांगल्या जाडीचा निघाला," म्हणाले. "एक थेंब आत नाही."