घरातली बारीकसारीक कामंही मी उद्यावर ढकलतो. ही सवय कशी मोडू?

तुम्ही लिहिलंय की टेलरकडे द्यायची पँट तीन महिने खुर्चीवर पडून आहे, लाईट बिल मुदत टळल्यावरच भरलं जातं आणि मग स्वतःचाच राग येतो. पँटचं वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे कुकर होता.

मी नाशिकला सिडकोत राहतो, अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो. कुकरचं हँडल तुटलं दिवाळीच्या आधी. भांडी बाजारात जाऊन नवं बसवायचं, एवढंच काम. होळी आली तरी बायको फडक्याने धरूनच कुकर उतरवत होती. गंमत अशी, की सेकंड शिफ्टच्या आठवड्यात दुपारपर्यंत मी घरीच असायचो आणि तेव्हाच काही व्हायचं नाही. फर्स्ट शिफ्ट करून दमून आलो की मात्र तासाभरात दळण, भाजी, दूध सगळं उरकायचं. म्हणजे वेळ मिळत नाही हे माझं रडगाणं खोटं होतं. मोकळ्या सकाळी कुठलंही काम 'जरा वेळाने' करता येतं, तिथेच घात होतो.

एकदा बायकोने विचारलं, "तुम्हाला त्यात नेमकं जड काय जातं हो?" टोमणाच होता, पण मी खरंच विचार केला. उत्तर निघालं पार्किंग! सराफ बाजार, दहीपूल, भांडी बाजार, त्या सगळ्या गल्ल्यांत गाडी लावायला जागा शोधायची, मागून हॉर्न खायचे. ते डोळ्यांसमोर आलं की 'आज नको'. मग त्या दिवशी गाडी घरीच ठेवली, सिटीलिंकच्या बसने शालिमारला उतरलो आणि चालत गेलो. दुकानदाराला हँडल बसवायला पाच मिनिटं लागली. किती पैसे घेतले ते सांगत नाही, आकडा ऐकून बायको आणखी चिडली होती.

तेव्हापासून काम रखडलं की स्वतःला आळशी म्हणत बसत नाही, घोडं कुठे अडलंय ते बघतो. बहुतेक वेळा कारण अगदीच फुटकळ निघतं. बँकेची केवायसी अडली होती, कारण पॅनकार्डाची झेरॉक्स घरात नव्हती. पंखे पुसायचे राहिले होते, कारण स्टूल शेजाऱ्यांकडे गेलेलं आणि परत मागायचा संकोच. मग त्या दिवशी तेवढंच करायचं. झेरॉक्स काढून आणायची, बँकेचं नावही काढायचं नाही.

दुसरी गोष्ट आईकडून उचलली. गोदाकाठचा बुधवारचा बाजार ती सहसा चुकवत नाही. गुरुवारी जाऊन उपयोग नसतो ना! म्हणून मीही एका रेंगाळलेल्या कामाला बुधवार देऊन टाकला. एकाच. दोन ठरवली की एकही होत नाही, हा अनुभव आहे. याद्या करूनही पाहिल्या. दोन रंगांच्या पेनांनी डायरी सजवण्यात अख्खी संध्याकाळ गेली आणि कामं झाल्यासारखं समाधान वाटून मी झोपलो.

लाईट बिलाला बुधवारही लागत नाही. बिलावर तीन रकमा असतात: लवकर भरलं तर थोडी कमी, देय तारखेपर्यंतची आणि त्यानंतरची जास्त. मेसेज आला की जिथे असेन तिथे उभ्या उभ्या मोबाईलवरून भरून टाकतो. घरी जाऊन निवांत भरू म्हटलं की संपलंच.

एक मात्र वेगळं. आंघोळ, जेवण यांचीही आठवडेच्या आठवडे इच्छा होत नसेल तर या युक्त्यांनी भागायचं नाही, डॉक्टरांना भेटा.

आता तुमची पँट. घोडं कुठे अडलंय ते मला इथून दिसत नाही. टेलर तुमच्या सुट्टीलाच दुकान बंद ठेवतो? की कंबर वाढली हे त्याला सांगायचं जिवावर येतंय? (माझं तेच झालं होतं.) काही असो, आज रात्री ती पिशवीत घाला आणि पिशवी गाडीच्या हुकला अडकवा. चालवताना दर वळणाला गुडघ्याला लागत राहील.