व्हिटॅमिन डीची गोळी घेतो, घरात ट्रेडमिल आहे; मग मुद्दाम बाहेर वेळ घालवून तब्येतीला आणखी काय मिळणार?

पुष्कळ मिळणार. तुमचा प्रश्न वाचून पुढे जाववलं नाही, कारण जवळपास याच शब्दांत तो मला माझ्या थोरल्या भावाने विचारला होता. विषय आईचा होता.

आई घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, जखमही भरली, फिजिओथेरपीच्या बाई घरी येऊन व्यायाम करून घ्यायच्या. त्रास होता तो झोपेचा. दिवसभर खुर्चीत पेंगायची आणि रात्री टक्क जागी. दोन वाजता हाक, तीन वाजता हाक, ‘उजाडलं का गं?’ उजेड डोळ्यांवर येतो म्हणून पडदे ओढलेले, दिवसभर ट्यूबलाइट आणि टीव्ही चालू. त्या खोलीत दिवस कुठला आणि रात्र कुठली, हे मलाही कळेनासं झालं होतं.

दादा दुसऱ्या गावी, पण फोन रोजचा. त्याचं म्हणणं असं: रिपोर्टमध्ये डी कमी आलं, सॅशे सुरू आहेत, कॅल्शियम सुरू आहे, व्यायाम घरात होतोय, मग तिला बाहेर काढायचा हट्ट कशाला? पुन्हा पडली म्हणजे? आणि झोप येत नसेल तर डॉक्टरांकडून गोळी लिहून घे. पडण्याची भीती खोटी नव्हती, ती मलाही होती. पण झोपेची गोळी घेतलेलं म्हातारं माणूस रात्री बाथरूमला उठतं तेव्हा पडायची भीती जास्त असते, हे तो ऐकूनच घेत नव्हता.

शेवटी फिजिओच्या बाईच म्हणाल्या, ‘आता यांना खाली न्या.’ तर नकार आईचाच. ‘वॉकर घेऊन लोकांसमोर? मी नाही येणार.’ म्हणून मी तिला सकाळी लवकर, आवारात कोणी नसताना न्यायला लागले. लिफ्टने खाली, मग दोन पायऱ्या, मग झाडाजवळ टाकलेली खुर्ची. सुरुवातीला मान खाली घालून बसायची, ‘झालं का?’ एवढंच विचारायची. हळूहळू मान वर आली. कुठल्या फांदीला पालवी फुटली, कुणाचे कपडे रात्रभर दोरीवरच राहिले, कोण रोज उशिरा निघून धावत सुटतं, हे सगळं ती मला सांगायला लागली. मग संध्याकाळीही न्या म्हणाली. खेळणाऱ्या मुलांनी तिला गुण लिहायला बसवलं, आणि त्या कामात तिने कुणाची गय केली नाही. चेंडू वॉकरपाशी आला की तो परत ढकलायला ती आपणहून दोन पावलं पुढे टाकायची. त्याच दोन पावलांसाठी घरात किती विनवण्या कराव्या लागत होत्या, ते मी पाहिलं आहे.

दुपारचं पेंगणं कमी झालं. रात्री एकदा उठायचीच, पण परत झोपायची. हाका थांबल्या.

दादा म्हणाला, ‘बघ, डी वाढलं.’

हे मला अजून लागतं. सॅशे बाहेर जायच्या कितीतरी आधी सुरू झाले होते आणि त्या सगळ्या रात्री मी जागवल्या आहेत. त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचून काढलं. त्यातलं तुम्हालाही उपयोगी पडेल असं सांगते.

आपल्या डोळ्यांत, दृष्टिपटलात, थोड्या पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम बघण्याचं नसून उजेड किती आहे हे मेंदूतल्या, झोप-जागेची वेळ ठरवणाऱ्या घड्याळाला कळवण्याचं असतं. २००२ साली हे स्पष्ट झालं. या पेशींना भरपूर उजेड लागतो. उजेड लक्समध्ये मोजतात; ऑफिसात तो साधारण ३०० ते ५०० लक्स असतो. बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा कित्येक हजार, आणि लख्ख उन्हात लाखाच्या घरात. डोळे दोन्हीकडे पटकन जुळवून घेतात, म्हणून घरात उजेड कमी आहे असं आपल्याला वाटतच नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत कोलोराडोच्या संशोधकांनी आठ जणांना आठवडाभर तंबूत राहायला नेलं, विजेचा दिवा अजिबात नाही. झोप आणणारं मेलाटोनिन सुमारे दोन तास आधी वाढायला लागलं. डीची गोळी पोटात जाते, ती डोळ्याला उजेड देत नाही.

आता त्या गोळीबद्दल. व्हायटल नावाच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत जवळजवळ तेरा हजार लोकांना वर्षानुवर्षं रोज २००० युनिट व्हिटॅमिन डी दिलं आणि तितक्याच लोकांना नुसती दिखाऊ गोळी. कॅन्सर, हृदयविकार कमी झाले नाहीत. त्यातल्याच १८,३५३ जणांच्या मनःस्थितीचा हिशोब २०२० मध्ये आला, तिथेही नैराश्यात फरक नाही. ज्यांच्या रक्तात डी चांगलं असतं ते लोक निरोगी दिसतात, हे खरं. पण ते बाहेर हिंडणारे लोक असतात, असा त्याचा सरळ अर्थ मी लावते. एका आईवरून काही सिद्ध होत नाही असं दादा म्हणतो. म्हणून त्याच्यासाठी हे १८ हजार.

खिडकीजवळ बसणं अंधारात बसण्यापेक्षा बरंच. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा खिडकीतून झाडं दिसणारे पेशंट विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. हे १९८४ मध्ये छापून आलं. पण उन्हातल्या ज्या किरणांनी त्वचेत डी बनतं, ते यूव्ही-बी किरण काच जवळजवळ सगळे अडवते, म्हणजे बंद काचेमागच्या उन्हात डी बनत नाही, आणि खिडकीपासून थोडं आत सरकलं की उजेड झपाट्याने उतरतो.

घरात मूल असेल तर त्याच्यासाठी हे सगळं दुप्पट लागू. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांत मायनस नंबर लागणाऱ्यांचं प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिलं. खेळाचा तास कापून शिकवणी लावणाऱ्या पालकांचा मला मनापासून राग येतो.

ट्रेडमिलवर हृदयाला व्यायाम होतो, ते नाकारत नाही. पण सपाट पट्ट्यावर पाय एकाच तऱ्हेने पडतो, नजर चार हातांवर अडते आणि कुणी ‘आज उशीर झाला?’ असं विचारत नाही.

किती वेळ, तर इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत चांगली असल्याचं जास्त सांगितलं. एकदम घालवा की तुकड्यांत, फरक नव्हता. अर्थात, धडधाकट माणूस मुळात जास्त बाहेर पडतो, हाही भाग त्यात असणार. तुम्ही सकाळी उठल्यावर पहिल्या तासात अर्धा तास तरी निघा, एवढं मी सांगेन.

आणि हो, डॉक्टरांनी डी दिलं असेल तर माझं वाचून बंद करू नका, कमतरता असेल तर ते लागतंच. यूव्ही इंडेक्स (उन्हातले अतिनील किरण किती तीव्र आहेत ते सांगणारा आकडा) ३ किंवा वर असेल तर टोपी, पूर्ण बाह्या, सावली. सावलीतला उजेडही डोळ्यांना पुरतो. काही औषधांनी ऊन बाधतं, ते विचारून घ्या. हवा फार खराब असेल त्या दिवशी ट्रेडमिल वापरा.

घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला आधी न्या. खुर्ची मात्र हात असलेली आणि जरा उंच घ्या, नाहीतर उठताना त्यांची फार ओढाताण होते.