‘एकता’ खोडून बघ

सोलापूर
जानेवारीचा पहिला रविवार

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा भाषणाचा खर्डा मिळाला. दोनदा वाचला. 12 तारखेला कॉलेजात बोलायचं आहे, विषय ‘एकता’, आणि वेळ सात मिनिटं. अक्षर सुंदर आहे. पण पहिल्या पानावर ‘एकता’ हा शब्द अकरा वेळा आलाय. मी पेन्सिलीने मोजले. म्हातारपणी मुद्रितशोधकाच्या डोळ्यांना दुसरा उद्योग नसतो.

सुरुवात तू इंग्रजी शब्दकोशातून केली आहेस. युनिटी हा शब्द लॅटिन ‘ऊनुस’ म्हणजे एक यापासून, मग ‘ऊनितास’, मग फ्रेंचमार्गे इंग्रजीत. बरोबर आहे. पण सोलापूरच्या पोरीने एकीचं मूळ शोधायला थेट रोमला कशाला जायचं? जायचंच तर वाटेतल्या गमतीसकट जा. ऊनुसचं जुनं रूप ‘ओइनोस’. आपल्या ‘एक’चं जुनं रूप ‘ऐक’. ‘ओइ’ या फार जुन्या मुळाला तिकडे ‘न’ जोडला गेला, इकडे ‘क’. हे ‘ऐक’ लिहिलेलं सापडलं कुठे, तर आजच्या तुर्कस्तानात, मातीच्या विटांवर. सुमारे 3400 वर्षांपूर्वी मितन्नी या जुन्या राज्यातल्या किक्कुली नावाच्या माणसाने रथाच्या घोड्यांना तयार कसं करायचं ते लिहवून ठेवलं, त्यात ‘ऐकवर्तन्न’ हा शब्द आहे. अर्थ : मैदानाची एक फेरी. म्हणजे आपला ‘एक’ सगळ्यात आधी लेखी सापडतो तो घोड्याच्या फेऱ्या मोजताना. ही गोष्ट भाषणात चालेल. पोरं जागी होतील.

व्याकरणावर फार वेळ घालवू नकोस. ‘एक’ला ‘ता’ लावला की एकता, ‘त्व’ लावला की एकत्व, सुंदरचं सौंदर्य होतं तसं एकचं ऐक्य, आणि गरीबची गरिबी होते तशी आपली घरगुती एकी. झालं.

तू सोडून दिलेली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मराठीत ‘एक’ने सुरू होणारे शब्द एका खाली एक लिहून बघ. एकटा, एकाकी, एकलकोंडा, एककल्ली, एकांगी, एकसुरी. यातलं एक तरी विशेषण कुणी तुला लावलं तर आवडेल का? आता दुसरी रांग : एकत्र, एकोपा, एकजूट, एकमेक. नुसता ‘एक’ आपल्या भाषेला फारसा सोसत नाही, शेजारी कुणीतरी लागतं. ‘एकमेक’ तर प्राकृतातल्या ‘एक्कमेक्क’वरून आला, त्यात एक दोनदा आहे. दोघं आहेत, दोघं आपापल्या जागी ‘एक’ आहेत, आणि त्यांचं काहीतरी चाललंय. भांडण असेल, मदत असेल. (चिंचोके मुठीत धरून ‘एकी का बेकी’ खेळायचो तेव्हा एकी म्हणजे विषम संख्या. पाचांची एकी, चौघांची बेकी. पुढे भावकीत ‘बेकी माजली’ ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी एक जण कमी पडला असणार.)

आता तुझ्याच गल्लीत ये. तुझ्या घरी तेलुगू, वर्गात मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी. आजीला विचार, एकीला काय म्हणते. बहुतेक ‘ऐकमत्यं’ म्हणेल. त्यात मत आहे, मती आहे. उर्दूत इत्तेहाद. तो ‘वाहिद’ म्हणजे एक याच धातूचा, पण घडण अशी की त्यात एक होत जाण्याची क्रिया आहे, काम अजून चालू असल्यासारखं. मला सगळ्यात आवडतो तो कन्नड शब्द : ओग्गट्टु. ओंदु म्हणजे एक, कट्टु म्हणजे बांधणं. एकत्र बांधलेलं.

हा कट्टु तू रोज बघतेस. आमच्या शेजारी एक अव्वा विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. 25 विड्या झाल्या की दोऱ्याचे दोन वेढे, गाठ, आणि झाला कट्टा. गाठ सैल राहिली की सूप हलवताना सगळ्या विड्या पसरायच्या. घट्ट ओढली की मधल्या चुरायच्या. तिची बोटं न बघता तेवढाच ताण द्यायची. कन्नडमध्ये कट्टु म्हणजे बांधणं आणि बांधकाम करणंही, म्हणून चिरेबंदी ओट्यालाही कट्टा. विडीचा कट्टा आणि गप्पांचा कट्टा, एकाच क्रियापदाची दोन पोरं.

तुझ्या भाषणाच्या दिवशीच आपल्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा सुरू होते, आणि दुसऱ्या दिवशी, 13 तारखेला, त्याच्या लग्नाच्या अक्षता. सिद्धेश्वर मंदिराजवळचा तो संमती कट्टा. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, घेऊन येतात. काठ्यांचे मानकरी वेगवेगळ्या समाजांचे. आधी संमती वाचली जाते, मग अक्षता पडतात. पिढ्यान् पिढ्या हाच क्रम. संमती फोडून बघ : सम् आणि मती. ‘एकमत’मध्ये मत एकच उरतं. ‘संमती’मध्ये मती अनेक राहतात आणि एका जागी येतात. ऋग्वेदाचं शेवटचं सूक्तही ‘सम्’नेच बोलतं : सं गच्छध्वं, सं वदध्वं. बरोबर चला, बरोबर बोला. आणि मनं ‘समान’ असोत म्हणताना शेवटी मागणं आहे ते नीट ‘सह’ नांदण्याचं. एवढ्या जुन्या माणसांनाही ‘सगळे एकसारखे व्हा’ असं म्हणावंसं वाटलं नाही, हे तुझ्या श्रोत्यांना सांग.

राज्यघटनेचा उल्लेख केलास, चांगलं केलंस, पण अर्धवट. उद्देशिकेत मुळात राष्ट्राची एकता एवढंच होतं. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने पुढे आणखी एक शब्द जोडला. तो हिंदीत ‘अखंडता’ झाला आणि मराठीत ‘एकात्मता’. अखंडता म्हटलं की नकाशा डोळ्यांपुढे येतो, एकात्मता म्हटलं की माणसं. आपल्या भाषांतरकाराने हे जाणूनबुजून केलं असेल की कलमाच्या ओघात झालं असेल, पण मला त्याचं कौतुक वाटतं.

आता कानउघाडणी. चार हुतात्म्यांचा परिच्छेद. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. 12 जानेवारी 1931, येरवडा तुरुंगात फाशी. तारीख बरोबर, नावं बरोबर. पण नावापुढे जात आणि धर्म लिहून ‘पहा, एकता!’ म्हणून तू मोकळी झालीस. दरवर्षी त्यांच्या पुतळ्यांसमोर हेच भाषण होतं, मी चाळीसेक ऐकली असतील. नमुन्याला एकेक घेतल्यासारखी ती माणसं उभी करू नकोस. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर हे गाव पेटलं, काही दिवस इंग्रजांचा अंमल इथे उरला नाही, मग लष्करी कायदा आला. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवत होते. त्या दिवसांत कोण कुणाबरोबर होतं, कशासाठी होतं, ते सांग. त्यांची आडनावं वेगवेगळी होती हे लोकांना ऐकूनच कळतं.

आणि ती काठ्यांच्या मोळीची गोष्ट काढून टाक. कृपा कर.

तिच्या जागी, हवी तर, माझी घे. मी एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचो. एका सभेचं हँडबिल आलं होतं, मथळा मोठ्या टाइपात : एकता. खिळा उलटा असतो, म्हणजे ‘एकता’ आरशात बघितल्यासारखी जुळवायची. अक्षरांमधली, शब्दांमधली मोकळी जागा भरायला कोरे खिळे असतात. ते बुटके, त्यांना शाई लागत नाही, कागदावर त्यांचं काही उमटत नाही. प्रत्येक ओळ त्यांनी दोन्हीकडून सारखी ठासून भरली तरच मजकूर दोऱ्याने बांधून उचलता येतो. मी घाईत होतो. मधल्या एका ओळीत कोरा खिळा कमी घातला, दोरा मात्र चांगला चार वेढे आवळला आणि उचलला. त्या सैल ओळीतून एक अक्षर निसटलं, मग दोन, मग अख्खं हँडबिल फरशीवर. आवाज अजून कानात आहे, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. फोरमन काही बोलला नाही. खिळ्यांची रिकामी केस, म्हणजे खणांची पेटी, माझ्यापुढे ठेवली आणि कंदील जवळ सरकवला, कारण तेवढ्यात लाइटही गेले होते. खिळे परत केसच्या घरांत लावायला रात्रीचे अकरा वाजले. सगळ्यात जास्त वेळ गेला कोरे खिळे जाडीप्रमाणे वेगळे करण्यात.

तर असं कर. खर्ड्यात जिथे जिथे ‘एकता’ आहे तिथे ती खोड आणि तिथे क्रियापद लिहायचा प्रयत्न कर. कोण, कुणाशी, कशाने बांधलं गेलं? गाठ कुणी मारली? कुणाची संमती घेतली होती? उत्तर सापडलं तर वाक्य आपोआप सुधारेल. नाही सापडलं तर ते वाक्यच जाऊ दे. अकरापैकी दोन-तीन ‘एकता’ उरतील असा माझा अंदाज आहे. चार उरल्या तरी चालतील, मी मोजणार नाही. खोटं बोललो, मोजणारच.

नवा खर्डा शुक्रवारपर्यंत घेऊन ये. संध्याकाळी ये, दुपारी मी झोपतो. आणि आजीने ऐकमत्यं म्हटलं की दुसरंच काही, ते तिच्याच शब्दांत लिहून आण. येताना शेंगाचटणी आणलीस तर भाकरी माझ्याकडे आहे, कडक.

तुझा,
छापखान्यातला काका