रांजण कुणाचा?

"मॅडम, मला आजोळ होतं. माझ्या मुलाला काय आहे? तीन खोल्या आणि मोबाईल." मे महिन्याची दुपार, सोलापूरचा पारा बेचाळिशीपार, आणि समोर चाळिशीची एक आई रडत होती. सुट्टी लागली की ही खंत घेऊन बरेच पालक माझ्याकडे समुपदेशनाला येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आजोळ मंगळवेढ्याकडचं. मी आजीबद्दलच विचारत राहिले, तसा तिचा आवाज खुलला. "काष्टा घालून विहिरीत उतरायची! पाठीला वाळका भोपळा बांधून आम्हा सगळ्यांना पोहायला शिकवलं तिनं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली बाई, भ्यायची नाही कुणाला. रात्री माळवदावर वाकळा टाकल्या की मुकादमाशी झालेलं भांडण हातवारे करून सांगायची. शेवट यायच्या आत मला झोप लागायची."

"तुम्हाला काय काम असायचं?"

"रांजण भरायचं. एकदा मी झोपून राहिले. दुपारी पाहुणे आले आणि घरात पाणी नाही. आजी म्हणाली, 'रांजण तुझा हाय. म्या कशाला हात लावू?' भर उन्हात कळशी घेऊन गेले मी. नऊ वर्षांची होते."

तीस वर्षांनंतरही हे सांगताना तिची मान ताठ झाली होती. मला वाटतं, आजोळातलं खरं धन हेच: आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, ही खात्री. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. हलाखीत वाढूनही जी मुलं उभी राहिली, त्यांच्या वाट्याला बहुधा जीव लावणारं एखादं मोठं माणूस आलं होतं, पुष्कळदा आजी-आजोबाच. आणि घराला खरोखर गरज असलेलं काम त्यांच्यावर सोपवलेलं असायचं.

"तुमची आई कुठे असते?"

"आमच्याकडेच. तिला काही करू देत नाही मी. फार कष्ट काढलेत तिनं."

म्हणजे मुलाची आजी घरातच होती, रिकाम्या हातांनी बसलेली. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. मी सुचवलं, पाण्याचा दिवस नातवाचा आणि आजीचा. जड भांडी तो उचलेल, नळावर लक्ष आजी ठेवेल. तुम्ही हात लावायचा नाही.

"अकरा वर्षांचा आहे तो. विसरला तर?"

"तर दोन बादल्यांत दिवस काढा."

पहिल्या खेपेला तो विसरलाच. तिनं ओरडणं गिळलं, आणि हे सोपं नसतं. तीन आठवड्यांनी आली तेव्हा म्हणाली, "काल पहाटे चारला पाणी आलं. मी जागी होते, पण उठले नाही. पिंप भरेस्तोवर आई त्याला मुकादमाची गोष्ट सांगत होती. शेवट मीसुद्धा कालच ऐकला, मॅडम."