वाचकांचे प्रश्न : संरक्षित जमिनीची प्रगती कशी मोजावी?

प्रश्न : २०३० पर्यंत पृथ्वीवरील ३० टक्के क्षेत्र संरक्षणाखाली आणण्याचे उद्दिष्ट ठरले आहे, असे वाचले. आमच्या नाशिक जिल्ह्यात अंजनेरी, बोरगड, ममदापूर अशी संवर्धन राखीव क्षेत्रे आहेत. या सरकारी जमिनींवर खरोखर प्रगती होते आहे की नाही, हे सामान्य नागरिकाने कसे ओळखावे?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : हे उद्दिष्ट डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथील जैवविविधता परिषदेत मान्य झाले. ते साऱ्या जगासाठी मिळून आहे आणि त्यात नुसते क्षेत्र जाहीर करणे नव्हे, तर त्याचे परिणामकारक व्यवस्थापनही अपेक्षित आहे. दुर्दैवाने क्षेत्रफळाचा आकडा सहज मिळतो, म्हणून चर्चा तेथेच थांबते.

त्या आकड्यातही सावध राहावे लागते. नाशिक जिल्ह्यातीलच नांदूर मधमेश्वर ही पाणथळ जागा १९८६ मध्ये अभयारण्य झाली तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर होते. २०१९ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला तो मात्र जेमतेम १४ चौरस किलोमीटरला. दोन्ही आकड्यांची बेरीज केली, तर तीच पाणथळ जागा दोनदा मोजली जाईल.

प्रगती मोजताना ती जागा मुळात कशासाठी राखली आहे, हा प्रश्न आधी विचारावा, असे माझे ठाम मत आहे. येवला तालुक्यातील ममदापूर काळविटांसाठी राखलेले आहे आणि काळविटाला मोकळे गवताळ माळरान लागते. तेथे लाखभर रोपे लावल्याचा अहवाल आला, तर तो प्रगतीचा नव्हे, काळजीचा विषय ठरेल. देशाच्या वनस्थिती अहवालात किमान एक हेक्टर क्षेत्रावर दहा टक्के वृक्षछत्र असेल तर ते वनावरण धरले जाते, मग ती कोणाची फळबाग का असेना. उलट, उत्तम राखलेले उघडे माळरान त्या हिशेबात येतच नाही. म्हणून ममदापूरसाठी गवताची स्थिती, पाणवठे आणि कळपांतील पाडसे पाहावीत.

अंजनेरीची कसोटी वेगळी आहे. तेथील सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाच्या कुळातील दुर्मीळ वनस्पती पावसाळ्यात कातळावरच्या पातळ मातीत उगवते आणि एरवी कंदरूपाने जमिनीखाली दडून राहते, त्यामुळे उन्हाळ्यात केलेल्या पाहणीत ती दिसणारच नाही. दरवर्षी त्याच पंधरवड्यात, त्याच कातळाजवळ उभे राहून, त्याच दिशेने काढलेले छायाचित्र आणि फुललेल्या रोपांची नोंद, एवढे सातत्याने झाले तरी पर्यटकांच्या पायवाटा किती रुंदावल्या आणि माती किती उघडी पडली, हे चार-पाच वर्षांत स्पष्ट दिसू लागते. झाडाला हात न लावता, नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर न टाकता हे करावे, ही कळकळीची विनंती. दुर्मीळ वनस्पतींचे कंद उपटून नेणारेही असतात.

कागदपत्रांसाठी उपवनसंरक्षक कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. मूळ अधिसूचना, गटक्रमांकांसह हद्दीचा नकाशा, व्यवस्थापन आराखडा आणि त्यातील कामांचा वर्षनिहाय खर्च एवढे मागावे; ‘संवर्धनाची माहिती द्यावी’ अशा मोघम अर्जाला मोघमच उत्तर येते. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २००२ च्या दुरुस्तीनुसार संवर्धन राखीव क्षेत्रांच्या व्यवस्थापन समितीत तेथील प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. त्या समितीची बैठक शेवटची कधी झाली आणि इतिवृत्तात काय नोंदले आहे, हे तुम्ही त्या गावांच्या ग्रामपंचायतींत जाऊन विचारू शकता.